काळं भरणारा

चेहरे त्या काढायच्या. बाकीचं आम्ही.
म्हणजे कौलं, विजेचे खांब, गर्दीतली पाठमोरी माणसं,
आणि पेन्सिलीची बारीक फुली असेल
तिथे काळं भरायचं. ते माझ्याकडे.
एकवीस वर्षं मी उराबे-सेन्सेईंच्या रात्री भरल्या,
केस, कोट, खोल समुद्र,
एकदा खलनायकाची सावली, अडीच पानं.

पुस्तकावर नाव पुरुषाचं, उराबे गेन.
मुलांच्या साप्ताहिकात बाई चालायची नाही,
असं कुसाका-सान पहिल्याच भेटीत म्हणाले,
आणि चहा संपवून म्हणाले,
रेष मात्र आहे तशीच ठेवा.
पहिली मालिका अकराव्या आठवड्यात बंद पडली.
दुसरी सातव्या.
तिसरीत एक पोरगा बुडालेल्या होड्या वर काढतो.
ती चोवीस वर्षं चालली.

होड्या त्यांना ठाऊक होत्या.
वडील साकाता बंदरात होड्यांवर नावं रंगवायचे.
रेष ओढताना श्वास धरायचा,
संपली की मगच सोडायचा,
हे वडिलांचं म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही.
माझ्या पाठीवर बोट टेकवून एवढंच म्हणाल्या,
श्वास घेतोयस.

आठवड्याला एकोणीस पानं.
मनगटावर औषधी पट्ट्या,
त्यांचा कापराचा वास शाईत उतरायचा.
बुधवारी पहाटे दोनला
कुसाका-सान दाराच्या चौकटीत, बूट न काढता,
आणि आत शेवटची चौकट अजून कोरी.
मग वाचकांची पोस्टकार्डं, मग नंबर.
तो त्या शेवटून मोजायच्या.
वर पोचल्यावरही ती सवय गेली नाही.

पैसा आला. नेरिमात तीन मजली घर,
तळमजल्यावर आम्ही पाच जण, भाताचे गोळे खात.
होडीवाला पोरगा बिस्किटांवर, छत्र्यांवर,
एका विमानाच्या पोटावरसुद्धा.
ते विमान आमच्या छपरावरून जायचं म्हणे.
सेन्सेईंच्या टेबलाची पाठ खिडकीकडे होती.

सोमवारी फोन आला.
त्यांनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या,
बुधवारनंतर, म्हणाल्या,
आणि टाक पुसून पुन्हा दौतीत बुडवला.
त्या आठवड्यात पोराने हसायचं होतं,
डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात,
पान उलटायच्या अगदी आधी.
तो हसला.
मी भिंग लावून पाहिलं.
एक रेष खोडलेली नव्हती.

साकाताला पोचल्या तेव्हा आग विझली होती.
राखेतून काड्यांनी अस्थी उचलायच्या,
तेवढं वाट्याला आलं.

पाच आठवड्यांनी पोरगा राखेपाशी उभा राहिला,
म्हाताऱ्या तांडेलाच्या.
हातात काड्या, समोर कुणीतरी पुढे केलेलं हाड,
आणि राखेत ब्रशची वाकडी झालेली पत्र्याची कडी.
तांडेलाकडे ब्रश कशाला, असं मी विचारलं नाही.
त्या पानावर फुली कुठेच नव्हती.
पहिल्यांदाच मला काम नव्हतं, म्हणून
मी सगळ्यांसाठी चहा केला.
त्या आठवड्यात आमचा नंबर पहिला.
कुसाका-सानांनी भाजलेली ईल मागवली.
आम्ही खाल्ली.
चांगली होती.

आता मी चिबात शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढतो.
नकाशांत काळं फार नसतं.
त्यांचा उजवा हात कपसुद्धा दोन टप्प्यांत उचलतो,
असं शेजारीण सांगते.
आणि बुधवारी पहाटे दोनला माझा फोन वाजतो.
काळं भरून झालं?
पहिल्यांदा मी म्हणालो, झालं, सेन्सेई.
पलीकडे इतका वेळ काहीच आलं नाही
की मी उठून दिवा लावला.
तेव्हापासून मी सांगतो,
एक पान राहिलंय.
बरं, म्हणतात त्या,
आणि श्वास सोडतात.